शनिवारी दुसऱ्याचं काम सांगायचं

एका छपराखाली रसायनवाला, प्राणीवाली आणि जंतूवाला कोंडले की किस्से शोधावे लागत नाहीत हो, ढीग लागतो! सत्तर सालच्या आसपास लोणावळ्याच्या एका बंगल्यात आमची प्रयोगशाळा होती. समुद्रातल्या जिवांपासून औषध शोधायचं. समुद्र घाटाखाली आणि आम्ही घाटावर! मालकांचा बंगला रिकामा पडला होता, एवढंच कारण.

नलिनी देव प्राणी ओळखायची, बापट त्यांचा अर्क काढायचा, मी तो जंतूंवर घालून बघायचो. मी कायम होतो, ते दोघे टेम्पररी.

*

एकदा कोकणातून एस.टी.नं स्पंजांचा डबा आला. स्पंज म्हणजे समुद्रात खडकाला चिकटून राहणारा प्राणी. स्पिरिट गळून गेलेलं, त्यामुळे सगळं कुजलेलं. भांडी धुणाऱ्या, शेजारच्या औंढे गावच्या ठकूमावशींनी नाकाला पदर लावला.

"बाई, ह्ये औषीद घेनारा आदी वासानंच मरंल की!"

*

आमचे डॉक्टर दामले म्हणजे वल्ली! त्यांचा नियम असा, की शनिवारी आपलं नाही, दुसऱ्याचं काम सगळ्यांना समजावून सांगायचं. पहिल्याच शनिवारी बापट स्पंजाला अर्धा तास 'वनस्पती' म्हणत राहिला. नलिनी कपाळाला हात लावून बसली.

पुढच्या शनिवारी तिनं उट्टं काढलं. "बापट नळीत वरून अर्क ओततात, खालून थेंब पडतात. मधल्या वेळात ते चहा पितात. झालं!"

*

मग एका अर्कानं माझ्या बशीतले जंतू साफ केले. बापटनं मला मिठीच मारली! नलिनी धावत आली. "कुठला स्पंज? ओळखीसाठी मागितलेला माझा तुकडा द्या."

"सगळा कुटला," बापट म्हणाला. "म्हटलं, तेवढाच अर्क जास्त निघेल."

"अहो, मागून मागून थकले मी! आता ओळखू कशावरून? आणि परत आणायचा तो कुठला?"

रागानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर दोघांचं बोलणंच बंद.

*

त्यातच डॉक्टर मुंबईहून बातमी घेऊन आले. कायम जागा एकच, दोघांपैकी एकाला जावं लागणार. कोणाला ठेवायचं ते ठरवायला कमिटी येणार, आणि तिच्यासमोरही शनिवारचाच नियम!

नलिनीच्या घरी स्थळ तयार होतं. नोकरी गेली की लग्न, असं वडिलांनी बजावलेलं. बापटच्या बायकोला दिवस गेलेले.

*

कमिटी आली. आधी बापट उठला. नलिनीचं काम त्यानं इतकं सुरेख सांगितलं, की मीच थक्क झालो. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "तो जंतू मारणारा स्पंज कोणता? ओळखीसाठी तुकडा ठेवणं प्राणीवाल्यांचंच काम ना?"

नलिनीचा चेहरा पांढराफटक. बापटनं नुसतं "हो" म्हटलं असतं, तर जागा त्याची होती.

"त्यांनी तुकडा मागितला होता साहेब. मी सगळा कुटून टाकला. त्यांना ठेवा, नाहीतर पुढचाही कुटीन!"

अध्यक्ष नलिनीकडे वळले. "आता तुम्ही यांचं काम सांगा."

ती उठली.

"काम चोख आहे यांचं. आणि साहेब, हे गेले तर तुकड्यासाठी मी भांडू कुणाशी?"