जागा ठेवा रे

भोईर बाई वर्गात आल्या की आधी बाकं भिंतीला लावून घ्यायच्या आणि मग पर्समधून लाल लोकरीचा गुंडा काढायच्या. कोलशेतच्या आमच्या शाळेत मी तेव्हा नवीनच लागलेले. तिसरीच्या वर्गात बाईंच्या हाताखाली मला दिलेलं. पहिल्या दिवशी मला वाटलं, गणिताच्या तासाला या बाई विणकाम काय शिकवतायत!

मुलं गोल करून उभी राहायची. पहिल्याने "सात एके सात" म्हणायचं, दोरा बोटाला गुंडाळायचा आणि गुंडा शेजारच्याच्या हातात द्यायचा. त्याने पुढचं म्हणायचं. कुणी अडलं तर बाकीच्यांनी नुसते ओठ हलवायचे, त्याच्याआधी बोलायचं नाही. दोरा सैल पडला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. पाढा पुरा झाला की बाई आपल्या हातातला दोरा दोनदा हळूच ओढायच्या. म्हणजे, 'आहेस ना?' मुलं एकेकदा ओढून उत्तर द्यायची.

त्या गोलात बाई एका पोराच्या रुंदीची जागा रिकामी ठेवायला लावायच्या. रोज. "जागा ठेवा रे!" कुणी चुकून सरकलं की ओरडायच्या, "पायाखाली बघ की! माणूस उभं आहे तिथे." मुलं निमूट सरकायची, "सॉरी" म्हणायची. कुणाला, ते मला कळायचं नाही. त्या मोकळ्या जागेवरून दोरा जायचा तिथे झोळ पडायला हवा होता. तो कधी पडला नाही. मी मुद्दाम बघायचे, आणि अंगावर काटा आला की खिडकीबाहेरचे टॉवर बघायचे.

एकदा डबा खाताना मी विचारलंच. बाईंनी भाकरी खाली ठेवली.

"आधी मी पण शर्यती लावायचे गो. जी रांग पाढा पहिला संपवेल तिला टाळ्या. निर्मला म्हणून एक होती, मिठागरावरच्यांची. अडखळायची. रांग हरायची. एक दिवस पोरांनी तिला रांगेतून बाहेर काढलं, आणि मी बघत राहिले. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. आईबरोबर खाडीत चिंबोऱ्या धरायला गेलेली. भरती आली." मग त्या नेहमीचं वाक्य बोलल्या, "एकालाही सोडून पुढे जायचं नाही."

त्या वर्षी वर्गात वेदिका होती. शाळेत आल्यापासून पोरीने तोंड उघडलेलं नव्हतं. घरी बोलायची म्हणे. मोठ्या सरांनी तिच्या आईबापाला स्पष्ट सांगितलं, "दिवाळीपर्यंत बोलली नाही तर दुसरी शाळा बघा." आई जिन्यात बसून रडली. बाई तिच्या शेजारी बसल्या. "माझ्या वर्गातून ती मुकी जायची नाही, शब्द देते," म्हणाल्या. वेदिकाला त्यांनी मोकळ्या जागेला लागून उभं केलं. तिची पाळी आली की सगळा वर्ग थांबायचा. पोरं चुळबुळली की बाई म्हणायच्या, "थांबा. तिचं आतल्या आत चाललंय." वेदिका ओठ घट्ट मिटून दोरा गुंडाळायची आणि गुंडा पुढे द्यायची. दिवाळी जवळ येत चाललेली.

आणि नेमक्या तेव्हाच बाई ठाण्याच्या हॉस्पिटलात. छातीत दुखलं म्हणून भाच्याने नेलेलं. वर्ग माझ्या गळ्यात. मी म्हटलं, आज तरी हे भुताटकीचं पुरे. "कसली जागा? सरका जवळ!" मुलं सरकली, पण एकमेकांकडे बघत. झालं! दोरा गळून पडला. पुन्हा सुरुवात, पुन्हा पडला. मग गुंताच झाला. बाहेर वारा नाही, काही नाही.

"टीचर," समोरचा एक पोरगा चाचरत म्हणाला, "निर्मलाची जागा नाय ठेवली ना."

मी गुंता सोडवला. "ठेवा बाबांनो," मी म्हटलं. मुलं सरकली. दोरा सरसर निघाला आणि वेदिकापर्यंत आला. आम्ही थांबलो. तिने दोरा बोटाला गुंडाळला, मान वर केली, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली,

"टीचर, दोन जागा ठेवा."

वर्गात एकच कल्ला! मुलं नाचायला लागली, मला रडूच फुटलं. कधी एकदा बाईंना फोन करते असं झालेलं. डोळे पुसत मी विचारलं, "दुसरी कुणाची गं राणी?"

तिने बोट दाखवलं. माझ्याच शेजारी, जिथे बाई रोज उभ्या राहायच्या तिथे.

तेवढ्यात पर्समधला फोन थरथरायला लागला. बाईंचा भाचा होता. त्याला नीट बोलताही येत नव्हतं. "मावशी आत्ताच..." एवढंच कळलं.

मुलांना मी काही सांगितलं नाही. ती आधीच सरकली होती. माझ्या बाजूला जागा झाली होती, पलीकडे वेदिका उभी होती. दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळून मी म्हटलं, "चला, सात एके सात." पाढा अडखळत, थांबत, पण न तुटता वेदिकापर्यंत आला. "सात दाहे सत्तर," ती म्हणाली आणि मधल्या जागेवरून गुंडा माझ्या हातात दिला. पाढा पुरा झाला. आता दोरा ओढायचा होता. पण ते बाईंचं काम, मी नुसती उभी राहिले.

आणि माझ्या बाजूच्या मोकळ्या जागेकडून दोरा हळूच ओढला गेला. दोनदा.

मी वेदिकाकडे पाहिलं. तिचा हात स्थिर होता.

मी एकदा ओढला.