किडकी वांगी पाहिजेत

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचा खतखड्डा आहे. शिळा भात, भेंडीचे देठ, आंब्याच्या साली, डाएट मोडल्यावर टाकलेले ओट्स, सगळं त्यात जातं. त्यावर अळ्या पोसतात. गेल्या मे महिन्यात त्या अळ्यांवर दयाळ पक्ष्यांची एक जोडी पोसली जात होती आणि त्या जोडीवर, इमारतीच्या भिंतीतल्या वापरात नसलेल्या पाइपात, तीन पिल्लं.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. अन्नसाखळी फळ्यावर इतक्यांदा काढली की हाताला सवय झाली, पण एका खुर्चीवरून सगळी दिसेल अशी ती मी आधी पाहिली नव्हती. खुर्ची तळमजल्यावरच्या काकींची. इमारत उभी आहे तिथे पूर्वी त्यांचं भातशेत होतं. मोबदल्यात मिळालेल्या फ्लॅटच्या खिडकीत त्या दिवसभर बसत आणि नर-मादीच्या फेऱ्या बघत. "मास्तर, दोघांना श्वास घ्याला फुरसत नाय," त्या म्हणायच्या. खरंच नव्हती. दर काही मिनिटांनी एक अळी. पिल्लाच्या पोटात गेलेल्यातलं बरंचसं ऊब धरण्यात आणि ओरडण्यात संपतं, अंगाला लागतं ते थोडंच. म्हणून फेऱ्या थांबवून चालत नाही.

जूनमध्ये पर्यावरण दिन आला आणि कमिटीने आमच्या खड्ड्याचं उद्घाटन ठरवलं. खड्डा तीन वर्षं चालू होता, पण प्रमुख पाहुणे आत्ताच मोकळे झाले होते.

बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "दोन दिवस आधी फवारणी करून घेऊ. पाहुण्यांनी आत डोकावलं आणि अळ्या वळवळताना दिसल्या तर?"

मी म्हटलं, "खत त्या अळ्याच करतात. आणि पिल्लांचं खाणंही त्याच आहेत."

"सर, तुमचा मुद्दा एकदम बरोबर आहे," अध्यक्ष म्हणाले. "मिनिट्समध्ये घेतो."

मुद्दा मिनिट्समध्ये गेला आणि फवारणी झाली. औषध उरलं म्हणून लॉनवर आणि कुंपणाच्या झाडांवरही मारून टाकलं. खड्ड्यावर लाल माती पसरून मधोमध एक कुंडी ठेवली.

एका बाबतीत मात्र माझं ऐकलं गेलं. समोरच्या भिंतीवर पेंटर अन्नसाखळी रंगवत होता, आणि त्याने बाण घारीकडून सापाकडे, सापाकडून उंदराकडे काढले होते. मी हटकल्यावर तो म्हणाला, "सर, साप उंदराकडे जातो का उंदीर सापाकडे?"

"बाण म्हणजे कोण कुणाकडे चाललंय ते नाही रे. ताकद कुठे चाललीय ते. उंदराची सापात, सापाची घारीत."

त्याने विचार केला आणि सगळे बाण फिरवले. कमिटीने त्याबद्दल माझे जाहीर आभार मानले, आणि कार्यक्रमात दोन मिनिटं चित्र समजावून सांगायचं काम दिलं.

फवारणीनंतर दोन्ही पक्षी लाल मातीवर उड्या मारत, चोच खुपसत आणि रिकामे परतत. कुठून तरी एखादा किडा आणत, पण फेऱ्यांमधलं अंतर वाढत गेलं. पाइप खोल होता, माझा हात कोपरापर्यंत गेला तरी पुढे पोकळीच. एका पक्षिमित्राला फोन केला. तो म्हणाला, घरटं हलवू नका, खिडकीत जिवंत अळ्या ठेवून बघा. ऑनलाइन मिळतात, चार दिवसांत येतात.

चार दिवस नव्हते. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच मी कल्याणच्या भाजी मार्केटला गेलो. बायको आयुष्यभर किडकी वांगी पदरात पडल्याबद्दल मला बोलत आली होती, म्हणजे अनुभव होता.

पहिला भाजीवाला दुखावला. "काका, माझ्याकडे कीड? सगळा फवारलेला माल आहे, डोळे मिटून घ्या."

दुसऱ्याने शेजारच्याला हाक मारली. "अरे ऐक, ह्यांना किडकी पाहिजेत! काका, घरी भांडण झालंय काय?"

सगळं मार्केट पालथं घातलं. हारीने लावलेली जांभळी, तुकतुकीत वांगी. एकालाही भोक नाही. अख्ख्या गावाला पुरेल एवढं खाणं समोर होतं आणि त्यात तीन पिल्लांचा घास नव्हता. शेवटी बाहेर फुटपाथवर मुरबाडकडची एक बाई टोपली घेऊन बसलेली दिसली. घरच्या परसातली वांगी, वेडीवाकडी, भोकं पडलेली.

"नीट बघून घ्या, किडलीत," ती म्हणाली.

"तीच द्या."

तिने माझ्याकडे दोनदा बघितलं आणि सहा काढून दिली. पैसे घेईना.

परत आलो तर मांडवात भाषण सुरू होतं. काकींच्या ओट्यावर वांगी चिरली, पाच गुलाबीसर अळ्या निघाल्या. काकींनी त्या खोलगट ताटलीत घालून खिडकीत ठेवल्या आणि म्हणाल्या, "सकालपासना आवाज नाय, मास्तर."

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी भिंतीपुढे उभा राहून उंदीर, साप, घार सांगितलं. बाण बरोबर आहेत, हेही सांगितलं. पाहुण्यांनी खड्ड्यात डोकावून बघितलं. "वा! वास नाही, किडा नाही. याला म्हणतात निसर्गाचं जतन." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हात मोकळेच होते.

मी काकींकडे परतलो तेव्हा नर ताटलीवर आला होता. एक अळी उचलून तो पाइपात शिरला आणि बाहेर आला, अळी चोचीतच. पुन्हा आत गेला. पुन्हा तसाच बाहेर. पाइपाच्या तोंडाशी बसून त्याने आत बघून बारीक शीळ घातली आणि थांबला. काकी खिडकीचा गज धरून उभ्या होत्या.

बऱ्याच वेळाने त्याने ती अळी स्वतः गिळली.

"खा रं बाबा," काकी म्हणाल्या. "तू तरी खा."

मांडवातून बटाटेवड्याच्या डिश वाटत कुणीतरी आलं. दोन आमच्यासाठी ठेवून गेलं. ताटलीत चार अळ्या अजून वळवळत होत्या.