चिंचेखालचे दगड

नव्वदीच्या शेवटी रोह्याचं आमचं इस्पितळ बंद पडून तिथे विद्यापीठाचं आवार उभं राहिलं. खाडीकाठच्या आमच्या गावात हे कोणी साध्या शब्दाने सांगितलं नाही. म्हणून आईला ताप चढला तशी टेम्पोत घालून तिला तिथेच नेली. आत्या सवयीने पेजेसाठी चिंचेखाली चुलीचे दगड शोधू लागली. पेशंटची माणसं ते पुढच्यांसाठी तिथेच ठेवून जात. आता चुना फासून ते फुलझाडांभोवती मांडले होते. आत्याने एक उचलला तसा रखवालदार धावला.

"ठेव गो तो! उद्या उद्घाटन हाय."

"आणि डॉक्टर?" मी ओरडले.

"नाय. पेणला न्या."

आई वाटेतल्या नागोठण्यापर्यंतच पोचली. त्या मेल्या दगडांना मात्र अजून दरवर्षी चुना लागतो.