अँटेनाकाकांचे चार साक्षीदार

अँटेनाकाका कुणाच्याही दारात आले की आधी वर बघत, मग माणसांकडे. भाईंदर पूर्वेला दोन इमारतींमधून आकाशाची चिंधीच दिसते. ती मोजणीला पुरेल की नाही, हे ते चपला काढण्याआधी सांगत. ठेकेदाराने त्यांना रस्तारुंदीच्या मोजणीवर नेमलं होतं. उपग्रहांवरून जागा सांगणारी यंत्रं तेव्हा नवी होती, आणि गल्लीत शिरली की आंधळी व्हायची. मग उघड्यावरच्या यंत्रांना विचारून गल्लीतल्या यंत्राची जागा ठरवायची. विचारायचं कुणाला, एवढं काकांनी निवडायचं.

मी तेव्हा याच रुंदीकरणाविरुद्ध पत्रकं वाटत होतो. काकांनी एक हातात घेतलं आणि खालच्या सह्या वाचल्या.

"सगळ्या तुझ्याच बिल्डिंगमधल्या? अरे, ही एकच सही झाली, साठ वेळा केलेली."

मी भयंकर चिडलो. मग उरलेली पत्रकं घेऊन दुसऱ्या गल्लीत गेलो.

ठेकेदारसाहेबांची निवड मात्र भव्य होती. दहा यंत्रं, दहाही एकाच बिल्डरच्या संकुलाच्या गच्च्यांवर. तिथे लिफ्ट होती, सावली होती, थंड सरबत होतं. आपल्याकडे चौकशी समित्याही अशाच जागा बघून बसतात. रस्त्याची रेघ निघाली ती गोडदेवातल्या एका आगरी आजीच्या स्वयंपाकघरातून आरपार.

"दहाही मशीन एकच बोलतायत, काका. और क्या चाहिए?"

"एका बाकावरची पोरं आहेत ती, साहेब. उत्तर सारखंच येणार, आणि चुकणारही सारखंच."

काकांनी नऊ यंत्रं उतरवली. एक मिठागराच्या बांधावर, एक देवळाच्या कळसाशेजारी, एक पाण्याच्या टाकीवर. तिपाई उचलायला मीही होतो. बाकीची पेटीत. "चार पुरेत. चार दिशांचे हवेत. जास्त विचारत बसलं की बॅटरी उतरते." नवी रेघ आजीच्या चुलीवरून सरकली आणि संकुलाच्या कंपाउंड वॉलवर जाऊन बसली.

साहेबांना एकाएकी जुना नकाशा फार शास्त्रीय वाटू लागला. "त्यावरच सही करा, काका."

काकांनी नव्यावर केली, आणि एक प्रत स्वतः पालिकेत नेऊन दिली, पोच घेऊन.

परतताना आजी ओट्यावर उभी होती. "माजा घर ऱ्हातंय का न्हाय?"

"राहतंय, आजी," काका म्हणाले. "उद्यापासून मोजायला मात्र दुसरा कोणी येईल. त्यालाही पाणी द्या."