तारांपासून दोन बोटं

मला लिहिता येतं असा माझा दावा नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तेवढ्यावरून लोकांनी माझ्यावर जो विश्वास टाकला त्यातूनच हे घडलं. आगाऊपणा वाटला तर माफ करावं.

आम्ही मुलुंडला चाळीत राहायचो. शेजारचे काका मूळचे देवगडकडचे. गिरणीत त्यांच्या उजव्या करंगळीची दोन पेरं गेली, पुढे गिरणीही बंद पडली. मग ते एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवू लागले. तार छेडायची आणि करंगळीच्या उरलेल्या पेरानं आवाजाचं बटण हळूच वर फिरवायचं. सूर हुंदक्यासारखा यायचा. त्या एका गोष्टीसाठीच त्यांना तिथे ठेवलं होतं.

गिटार ऑर्केस्ट्राच्या मालकाची होती. एका वर्षी त्यानं ती परत घेतली आणि गणपतीपर्यंत स्वतःची आणा म्हणून सांगितलं. काकांनी भांडुपच्या एका सुताराकडे नवी करायला टाकली. मी फिजिक्स शिकत होतो, म्हणून बटणं कुठे बसवायची ते आखून द्यायचं काम माझ्याकडे आलं.

बटण तारांच्या फार जवळ असलं तर वाजवताना हात लागून आवाज पडतो. लांब असलं तर करंगळी पोचत नाही. म्हणजे काकांचा हातच मोजायला हवा होता. पण त्या करंगळीकडे चाळीत कोणी बघत नसे, काकाही हात खिशात ठेवत. हात कागदावर ठेवा, एवढं माझ्या तोंडून निघेना. मी माझाच हात ठेवून पेन्सिल फिरवली आणि करंगळी अंदाजानं थोडी आखूड केली.

सुतारानं कागद उलटसुलट पाहिला. "भोक पाडलं की लाकूड परत येत नाही. माप त्यांच्याच हाताचं ना रे?"

मी हो म्हणालो.

गिटार तयार झाली तेव्हा काकांनी सुताराच्या गाळ्यातच वाजवून पाहिली. करंगळी बटणाच्या बरीच अलीकडे थांबली. तारांवरचा हात उचलून त्यांना बटणाकडे न्यावा लागला आणि सूर मध्येच तुटला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बरा आसा रे झिला," ते म्हणाले. "सवय होतली."

सवय झाली नाही. गणपतीच्या कार्यक्रमांत मालकानं गिटारवर दुसऱ्याला घेतलं आणि काकांना मागे खंजिरी दिली. पुढच्या वर्षी ते गावी गेले. एसटी स्टँडपर्यंत गिटार मीच उचलली होती. वाटेत मी परीक्षेबद्दल बोलत राहिलो.

चारेक वर्षांनी मी नोकरी करत असताना त्यांचा पुतण्या ऑफिसात भेटायला आला. काका गेले होते. महिना होऊन गेला होता. गिटार घरात भिंतीवर आहे, म्हणाला. बटणाचं एक भोक लाकडाच्या तुकड्यानं बुजवलेलं आहे आणि बटण तारांपासून दोन बोटांवर, दुसऱ्या भोकात बसवलेलं आहे. ते काकांनी गावी गेल्या गेल्याच, स्वतःच्या हातानं पाडलं होतं. पहिलं कोणी चुकवलं, ते त्यांनी घरात कधीच सांगितलं नव्हतं.