निघायच्या आधी पोचलेली नोंद

“ओ इंजिनिअर, नोंद हसनाबादेतून निघायच्या आधीच धावड्याला पोचली? भूत घेऊन गेल्तं का तिला?”

डेअरीचा सुपरवायझर असा ओरडला, की बाहेर बांधलेल्या म्हशींनी रवंथ थांबवलं. खोटं कशाला सांगू, त्यातली एक तर आटलीच.

वहिनींचं, म्हणजे माझ्या चुलतभावाच्या बायकोचं, हसनाबादचं दूध संकलन केंद्र बंद पडायला आलं होतं. दुधाच्या नोंदी रोज उशिरा येतात, असा डेअरीचा ठपका. वहिनी म्हणत, मी तर वेळेत पाठवून राह्यले. गावात इंटरनेट आणलेलं मी, तेव्हा छाती ठोकून सांगितलं की कोणती नोंद कधी गेली ते वाटेतच पकडून दाखवतो. जाणारी नोंद वेळेसकट फायलीत टिपणारा एक प्रोग्राम वहिनींच्या विंडोजवाल्या कॉम्प्युटरवर लावला, दुसरा नोंदी डेअरीकडं पुढं धाडणाऱ्या धावड्याच्या टॉवरवर, लिनक्सवर चालणाऱ्या डब्यात. तो टॉवर एवढा उंच, की मी वर असताना दोन ढग वाट विचारून गेले.

दोन्ही फायली शेजारी ठेवल्या आणि ही शोभा झाली.

तरी सुपरवायझरला समजावलं. लिनक्सवाला दर नोंदीला घड्याळ बघतो. विंडोजवरचा आमचा जुना प्रोग्राम सुरू होताना एकदाच बघतो आणि पुढं आपल्याच मनानं मोजत बसतो. वहिनींचं घड्याळ पुढं होतं, ते मधेच इंटरनेटवरून आपोआप दुरुस्त झालं. ह्या बहाद्दराला पत्ताच न्हाई, तो आपला पुढचीच वेळ टाकत राह्यला. रुसलेला जावई परवडला, त्याला निदान आहेर देऊन उठवता येतं.

“भावजी, तुमच्या ह्या मशिनीपरीस माझी म्हैस बरी,” वहिनी म्हणाल्या. “धारेची वेळ चुकवत न्हाई.”

मंग विंडोजची फाईल दिली फेकून आणि एकट्या टॉवरच्या घड्याळावर सगळं मोजलं. वहिनींची नोंद मुदतीच्या बऱ्याच आधी आली होती, आली तशी पुढं गेली होती. पण डेअरीच्या कॉम्प्युटरकडून पोच यायला इतका वेळ, की तेवढ्यात माणूस भोकरदनला जाऊन सोयरीक जुळवून येईल. उशीर तिथं होता. उन्हासारखं लख्ख दिसत होतं.

सुपरवायझरनं चष्मा पुसला. पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचली. वहिनी दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

“बराबर आहे,” तो म्हणाला. “बिलकुल बराबर.”

“मंग केंद्र चालू राहील ना, साहेब?” वहिनींनी विचारलं.

“ते न्हाई सांगता येत. आमच्या हापिसात नोंद कधी आली ते भिंतीवरच्या घड्याळावर धरतात.”