दोनपाशी सोडलेली जागा

पंचवीस वर्षं गणित शिकवल्यावर माणसाला दोन गोष्टी साधतात. न बघता फळ्यावर सरळ रेघ मारता येते, आणि समोर असलेली चूक नीट बघूनही दिसत नाही. पहिलीचं कौतुक मी दरवर्षी नव्या मुलांकडून करून घेतो. दुसरीचा जाहीर प्रयोग आमच्या कॉलेजच्या गणित प्रदर्शनात झाला, आणि प्रमुख भूमिकेत अर्थात मीच होतो.

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला गणिताला मोजून सहा मुलं. त्यांत एक मुलगी डोंगरातल्या आहुपे गावची, मला त्रास होईल इतकी हुशार. तिच्या वडिलांचा निरोप आला होता: वर्ष संपलं की पोरगी घरी येईल, भाताच्या लावणीला माणसं कमी आहेत आणि स्थळंही यायला लागलीत. मी फोन लावला. आहुप्याला फोन लागणं हाच एक प्रसंग असतो, त्यामुळे मुद्द्याचं लगेच बोललो.

"पाव्हणं, प्रदर्शनाला या. पोरीचं काम डोळ्यांनी बघा, मग ठरवा."

"येतो," ते म्हणाले. "बघून ठरीवतो."

मुलीचं पुढचं शिक्षण असं एका सकाळवर येऊन ठेपलं. म्हटलं, सकाळ अशी वठवू की बाप डोळे पुसत परत जाईल.

बाकीच्या विभागांनी थर्माकोल आणला होता. मी फर्मान काढलं, आपण अंगणात रांगोळीनं पंधरा फुटी आलेख काढायचा. फलनही मीच निवडलं. वर एक्स वर्ग वजा एक्स वजा दोन, खाली एक्स वर्ग वजा तीन एक्स अधिक दोन. दिसायला अक्राळविक्राळ, पण अवयव पाडले की वर आणि खाली दोन्हीकडे एक्स वजा दोन निघतो. तो कापायचा. "कापा!" हा शब्द मी वर्गात असा उच्चारतो की मागच्या बाकावरची झोप उडते. उरतं एवढंसं, एक्स अधिक एक भागिले एक्स वजा एक. त्याच्या दोन कमानी होतात, आणि मध्ये एकपाशी एक उभी तुटक रेघ. कमानी तिच्या जवळजवळ जात राहतात, पोचत मात्र कधीच नाहीत.

"आमच्या एसटीसारखं, सर," ती मुलगी म्हणाली होती. हा विनोद मी दुसऱ्या वर्गात स्वतःचा म्हणून खपवला.

सकाळी सहापासून ती अंगणात ओणवी होती. मी दहाला कडक इस्त्रीचा झब्बा घालून अवतरलो. कमानी काय उतरल्या होत्या! फक्त उजव्या कमानीत, दोन घरं आडवी आणि तीन घरं उभी मोजून जिथं येतं तिथं, बांगडीएवढं वर्तुळ रिकामं राहिलं होतं. बिचारी, घाईत सुटलं असेल. रांगोळीत तुटकी रेघ ठेवायची नाही, असं आईनं मला लहानपणी बजावलेलं. मी चिमूट घेतली, तिची पाठ असताना रेघ सफाईनं जोडली, आणि वर हौसेनं हळदीचा ठिपका दिला.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. त्यांच्या मागे गर्दीत मुलीचे वडील. रांगोळीवर पाय पडू नये म्हणून त्यांनी चपला हातात घेतल्या होत्या.

"वा, काय रांगोळी!" पाहुणे म्हणाले.

मी हात पसरून सुरू केलं, "ही पाहा, साहेब, ही अखंड कमान..."

मुलगी खाली बसली. बोटानं माझा ठिपका पुसला, फुंकर मारली, आणि वर्तुळ पुन्हा रिकामं केलं.

"अगं, काय करतेस?" मी कुजबुजलो. माझी कुजबूज तीन वर्गांपलीकडे ऐकू जाते.

"सर, दोनला काय नसतंय."

"अगं, आपण कापलं ना एक्स वजा दोन?"

"कापलं म्हणून मूळचं बदलत नाय, सर. दोन घातला की वर शून्य, खाली शून्य."

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. दरवर्षी तीन मार्कांना मी हेच विचारतो. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. वडील मात्र पुढे सरकले.

"म्हंजी काय गं?"

"आबा, भात शून्य पायल्या. खाणारी माणसं शून्य. तर एकेकाला किती?"

ते विचारात पडले. "कुणाला? माणूसच न्हाई तर किती काय इचारती?"

"तेच. म्हणून तिथं जागा मोकळी."

"आन ती सरांनी भरली व्हय?"

माझ्या बोटांना हळद होती.

पाहुणे गेल्यावर वडिलांनी मला नळापाशी गाठलं. "सर, राग नाय ना? एक सांगा. पोर बरुबर व्हती?"

'नाही' म्हटलं असतं तर माझा झब्बा कडक राहिला असता, आणि मुलगी जूनमध्ये चिखलात.

"बरोबर होती. मी चुकलो."

हे वाक्य कॉलेजच्या आवारात मी पहिल्यांदाच उच्चारत होतो. त्यामानानं बरं वठलं.

"मग ठरलं," ते चपला पायात सरकवत म्हणाले. "हितं न्हाई ठिवत तिला."

झालं! मी काकुळतीला आलो. "अहो पाव्हणं, असं करू नका! एवढी हुशार पोर घरी बसवून..."

"घरी कोन म्हन्तंय? तुमच्या चुका काढाया लागली, आता हितं काय शिकनार ती? पुन्यात कंचं कालेज बरं, तेवढं सांगा."

मी सांगितलं. पत्ता लिहून दिला, ओळखीच्या प्राध्यापकांना फोन केला, होस्टेलची चौकशीही केली. स्वतःच्या हातानं सहातली एक वजा केली.

जूनमध्ये दाखला भरताना क्लार्कनं विचारलं, "सोडण्याचं कारण?"

"पालकांची इच्छा."

"प्रगती?"

"उत्तम."

"वर्तणूक?" प्रदर्शनाच्या दिवशी हा गृहस्थ व्हरांड्यात उभा होता, आणि आता पेन उचलून हसू दाबत होता.

"चांगली लिही."

"नुसती चांगली, सर?"

"बरं, उत्तम लिही बाबा," मी म्हणालो, आणि सही केली.